दीड पौंड कमी

बंदुकीच्या दुकानात मी एकोणीस वर्षं नोकरी केली असं सांगितलं, की समोरच्या बाईच्या हातातली बशी हवेतच थांबते. मग ती सावरून विचारते, "म्हणजे अकाउंट्स वगैरे बघायचात का?" नाही हो. दस्ते बसवायची. रायफलचे. आमच्या साउथहॅम्प्टनच्या मंडळात हळदीकुंकवाला मी हे इतक्या वेळा सांगितलंय, की आता नवीन कुणी आलं की जुन्या बायकाच माझ्या वतीने सांगून टाकतात, आणि वर "डॉक्टरीणबाई असून!" हेही लावतात. यंदा मंडळाच्या अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, तुमच्या कामाबद्दल लिहा म्हणून. म्हटलं, लिहिते. शाळा मॅट्रिकपर्यंतची, भाषा बोलते तशीच येईल, चालवून घ्या.

आमचे हे इथल्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होते. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मला घरात बसवेना, म्हणून मी एका ड्राय क्लीनरकडे कपड्यांच्या दुरुस्तीला जाऊ लागले. शेजारचं दुकान डेरेकचं, शिकारी बंदुकांचं. एकदा तो रायफलचा पट्टा शिवून घ्यायला आला, रायफलचा लाकडी दस्ता काखेत तसाच. दस्त्याला बारीक चीर गेलेली. मी पट्ट्याकडे न बघता चीर बघत बसले. म्हटलं, "ही वाढणार. लाकूड ओलं असताना कापलंय." तो म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं?" सांगलीला माझ्या वडिलांची लाकडाची वखार होती. साग, शिसम, बाभूळ यांच्या भुशात मी वाढले, वासावरून लाकूड ओळखायची. पंधरा दिवसांनी डेरेकने विचारलं, माझ्याकडे काम कराल का? पटाशी, कानस, पॉलिश पेपर हे सगळं हाताने शिकत गेले. शिकवलं असं कुणी नाही. डेरेक चुकलं की फक्त "हं" म्हणायचा, आणि बरोबर आलं तरी "हं"च म्हणायचा. दोन्हींतला फरक कळायला मला वर्ष लागलं.

आता दस्ता म्हणजे काय ते सांगते, कारण हे माहीत नसलं तर पुढचं समजणार नाही. रायफलची लोखंडी नळी आणि गोळी भरायची यंत्रणा ज्या लाकडात बसते, जो मागचा भाग खांद्याला टेकतो आणि पुढचा तळहातावर पेलतो, तो सगळा मिळून दस्ता. गोळी लोखंडातून सुटते हे खरं, पण माणूस धरतो दस्त्याला. चापापासून खांद्यापर्यंतचं अंतर अर्धा इंच चुकलं तर उत्तम रायफलही परक्याच्या चपलेसारखी वाटते. मी गिऱ्हाइकाचं माप शिंप्यासारखं घ्यायची, आणि तेही ज्या कोटात तो शिकारीला जाणार तो कोट घालायला लावून. उन्हाळ्यात दुकानात जाडजूड कोट घालून घामाघूम उभे असलेले साहेब बघायला गंमत यायची.

त्या वर्षांत, म्हणजे दोन हजार सालानंतर, हलक्या दस्त्यांचं वेड आलं. कार्बनच्या धाग्यांचे, आतून पोकळ, बोटावर तोलता येतील असे. जो तो मासिक घेऊन यायचा, "मला हा पाहिजे." मी विचारायची, कशासाठी? पुष्कळ जण पुन्हा मासिकातलं चित्रच दाखवायचे. लंडनच्या बँकेतला एक तरुण सगळ्यांत हलका दस्ता लावून गेला आणि पंधरवड्यात खांदा काळानिळा करून परत आला. त्याला वाटलं माझं काहीतरी चुकलंय. म्हटलं, बाळा, रायफलचं वजन ही तुझ्या खांद्याची गादी होती, तीच तू पैसे देऊन काढून घेतलीस. धक्का जाणार कुठे? दुसरे एक गृहस्थ होते, त्यांनी दस्ता, दुर्बीण, पट्टा सगळं हलकं केलं आणि स्वतः मात्र दरवर्षी सहा-सात पौंडांनी वाढत राहिले. डेरेक त्यांना बघून काउंटरखाली काहीतरी शोधायला वाकायचा.

मिस्टर पेन्फोल्ड मात्र कारण घेऊन आले होते.

वय चौऱ्याहत्तर. उंच, वाळलेले, निवृत्त जमीन-मोजणीदार. पंधरा वर्षांचं आमचं गिऱ्हाईक. बायको जाऊन काही वर्षं झालेली. वर्षातून एक आठवडा, ऑक्टोबरात, ते स्कॉटलंडच्या डोंगरात सांबरासारख्या मोठ्या लाल हरणांच्या शिकारीला जायचे. तिथली पद्धत अशी, की इस्टेटीचा वाटाड्या पाहुण्याला डोंगरात नेतो, कुठला नर मारायचा ते तोच ठरवतो, आणि रायफलही तोच वाहतो. पाहुण्याच्या हातात ती अगदी शेवटी येते. पण पेन्फोल्डसाहेबांनी तीस वर्षं स्वतःची रायफल स्वतः वाहिली होती. आधीच्या वाटाड्याने ते मान्य केलं, त्याच्या जागी आलेल्या यूअननेही केलं.

"मागच्या वर्षी," त्यांनी सांगितलं, "अर्ध्या चढावर यूअन थांबला, मागे आला, आणि एक शब्द न बोलता माझ्या खांद्यावरून रायफल काढून घेतली."

"मग?"

"मग काय मिसेस के, मी दिली." करंदीकर त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही. "माझ्या कमरेचा सांधा नवा बसवलाय. चढताना एकेक पौंड कळतो. मला ती परत माझ्या खांद्यावर हवी आहे. एवढंच."

त्यांची रायफल दुर्बिणीसकट साडेनऊ पौंडांची. नळीला हात लावता येत नाही, दुर्बीण चांगली होती, म्हणजे उतरवायचं ते दस्त्यातूनच. तो अक्रोडाचा, गडद मधाच्या रंगाचा, वरच्या रेघा पाण्यातल्या तरंगांसारख्या. मी काउंटरवर तीन नवे दस्ते मांडले.

पहिला साध्या प्लॅस्टिकचा. "हे बादलीचं हँडल आहे का?" साहेब म्हणाले. मी त्याचा पुढचा भाग दोन बोटांनी दाबून दाखवला. तो वाकून नळीच्या जागेला टेकला. म्हटलं, तुम्ही दगडावर टेकवून नेम धराल तेव्हाही हे असंच होणार, हा नको. दुसरा पातळ फळ्या एकावर एक चिकटवून केलेला. दिसायला देखणा, पावसात फुगत नाही, पण तुमच्या अक्रोडाहून जड. तिसरा कार्बनचा. त्यांनी नखाने टक्कन वाजवला आणि तोंड वाकडं केलं.

"पोकळ वाजतंय. हरणाला मैलावर ऐकू जाईल."

"आत फोम भरून देते, आवाज मरेल."

"दिसायला शवपेटीसारखा आहे."

"तुम्ही त्याच्याकडे बघायचं नाही, दुर्बिणीतून बघायचं."

ते हसले. मी दस्ता वजनकाट्याच्या आकड्याला लावला. जुन्याहून दीड पौंड कमी. धक्का वाढणार हे मी दोनदा बजावलं. ते म्हणाले, "खांदा मजबूत आहे. पायांचं काय ते बोला." मागे जाड रबराची उशी लावायची असं ठरलं. अक्रोडाचा दस्ता मी जुन्या पलंगपोसात गुंडाळून त्यांना दिला. तो त्यांनी काखेत मारला आणि दारात जाऊन एकदा वळून नव्याकडे बघितलं. नव्या सुनेकडे बघतात ना, तसं.

ते काम मी तीन आठवडे केलं. बाहेरच्यांना वाटतं, चार स्क्रू पिळले की झालं. यंत्रणा दस्त्यात कणभरही पीळ न पडता बसावी लागते. त्यासाठी सुतार फटी बुजवायला वापरतात त्या लांबीसारखं एक मिश्रण भरून, त्यावर यंत्रणेचा ठसा घेऊन, कोरून, पुन्हा भरून तिची बैठक तयार करतात. आणि नळी? ती दस्त्याला कुठेही टेकता कामा नये. गोळी सुटते तेव्हा नळी तारेसारखी थरथरते, दरवेळी सारखी थरथरली तरच गोळ्या एका जागी जातात. म्हणून नळी आणि दस्ता यांच्यात पेनीच्या नाण्याच्या जाडीची फट ठेवतात. हलका दस्ता थोडा लवतो, म्हणून मी ती फट जरा मोकळीच ठेवली. फट आहे ना हे बघायला कागदाची पट्टी नळीखाली घालून पुढून मागेपर्यंत ओढायची. अडली नाही तर पास. आमच्या दुकानाचा नियम असा, की गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधीचं शेवटचं काम कागदाचं. त्यानंतर रायफलला कुणी हात लावायचा नाही. हा नियम डेरेकच्या वडिलांनी घातलेला, आणि मी तो एकदाच मोडला.

नेमबाजीच्या रेंजवर डेरेकने गोळ्या मारून बघितल्या. तीन भोकं, एका बटणाखाली झाकली जातील अशी. "हं," डेरेक म्हणाला. चांगलं होतं ते "हं". सोमवारी सकाळी साहेब रायफल न्यायला येणार होते, आणि त्या दिवशी नेमकी खंडेनवमी.

खंडेनवमीला मी दुकानाच्या मागच्या खोलीत हत्यारांची पूजा करायची, पहिल्या वर्षापासून. पटाश्या, कानशी, गिरमिटं, पाने सगळं धुऊन-पुसून पांढऱ्या कापडावर मांडायचं, हळदकुंकू, फूल, अक्षता, पेढ्याचा नैवेद्य. डेरेकला सुरुवातीला वाटलं मी जादूटोणा करतेय. पुढे पुढे तोच विचारायचा, "आपलं ते फुलांचं कधी आहे?" आणि आदल्या दिवशी बाकाखालचा कचरा काढून ठेवायचा. वर्षातून एकदाच निघायचा तो कचरा. गिऱ्हाइकाची बंदूक मात्र मी पूजेत कधी ठेवली नव्हती. दुसऱ्याची वस्तू.

त्या वर्षी ठेवली. का म्हणाल, तर माझ्या हातून इतकं चांगलं काम आधी झालं नव्हतं. सकाळी लवकर जाऊन कागदाची पट्टी ओढली, सरसर गेली, आणि मग वाटलं, हिलाही बसवू हत्यारांत. मध्ये आडवी ठेवली. यंत्रणेवर कुंकवाचं बोट लावलं, हात जोडले, अक्षता टाकल्या, आपण टाकतो तशा, थोड्या लांबून. नंतर फूल उचललं, कुंकू पुसलं, तांदूळ ब्रशने झाडले. दहाच्या ठोक्याला साहेब आले. पट्टी पुन्हा ओढायची माझ्या मनातही आलं नाही. सकाळीच ओढली होती ना.

ते परत आले तेव्हा बारा दिवस झाले होते. रायफल खोळीत होती. त्यांनी ती काउंटरवर ठेवली नाही, डेरेकच्या हातात दिली.

"विकून टाक. जे येईल ते येईल. माझं लायसन्स मी पोलिसांना परत करतोय, पत्र लिहून ठेवलंय."

मी विचारलं, "दस्ता जमला नाही का?"

"दस्ता उत्तम आहे, मिसेस के. डोंगराच्या शेवटच्या धारेपर्यंत मी ती स्वतः नेली. यूअन मागे वळून बघत होता, मी त्याला बघू दिलं." मग म्हणाले, "हात गेला माझा."

पहिल्या दिवशी कोरड्या हवेत पुठ्ठ्यावर दोन गोळ्या मारून त्यांनी रायफल तपासली होती. अगदी बरोबर. मग दोन दिवस नुसती चाल, आणि धो धो पाऊस. चौथ्या दिवशी ओल्या गवतातून सरपटत ते एका म्हाताऱ्या नरापासून सव्वाशे यार्डांवर पोचले. खांद्यामागे नेम धरला. चाप हळू ओढला. गोळी चार-पाच इंच मागे, पोटात गेली. नर पडला नाही. धुक्यात शिरला. यूअनला तो सापडून त्याने स्वतःच्या रायफलने संपवीपर्यंत चाळीस मिनिटं गेली.

"तीस वर्षांत एकदाही नाही," ते म्हणाले. "मला वाटत होतं माझी अडचण वजनाची आहे. खाली आल्यावर यूअन म्हणाला, साहेब, पुढच्या वर्षी नुसते फिरायला या. त्याचं बरोबर आहे."

ते गेल्यावर डेरेकने रायफल माझ्याकडे सरकवली. "साफ करून रॅकला लाव." आणि तो पुढे गिऱ्हाइकाकडे गेला.

मी सवयीने पट्टी घेतली. नळीखाली घातली, ओढली. वीतभर आत गेली आणि अडली.

स्क्रू काढून मी नळी वर उचलली. खाचेत, डाव्या बाजूला, एक तांदळाचा दाणा होता. भिजून फुगलेला, मग चेपलेला, आणि लाल. नळीच्या पोटाला कुंकवाचा पुसट डाग, त्याच्या कडेला गंजाचा ठिपका. कोरडा होता तोवर तो फटीत नुसता पडून होता, म्हणून पुठ्ठ्यावरच्या गोळ्या बरोबर गेल्या. दोन दिवस पावसात फुगला आणि नळीला रेटून बसला.

मी दाणा चिमटीत धरून उभी राहिले. खरं सांगते, पहिला विचार काय आला? की फुंकर मारली तर संपलं.

मी डेरेकला हाक मारली. त्याने बघितलं, माझ्याकडे बघितलं, खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "फटीत कचरा गेला होता म्हणू. देवदाराच्या पानाची सुई जाते, खडा जातो. नेहमीचं आहे. खोटंही नाही त्यात."

"त्यांनी विचारलं कसला कचरा, तर?"

"कोण विचारतं, मिसेस के!"

त्याला दुकान सांभाळायचं होतं, मी त्याला नावं ठेवत नाही. उलट घरी येईपर्यंत त्याचं म्हणणं मलाही पटायला लागलं होतं. साहेबांना एवढंच कळायला हवं ना, की हात त्यांचा गेला नाही? मग सुई असो की तांदूळ. संध्याकाळी मुलीचा बर्मिंगहॅमहून फोन आला, ती तिथे विम्याच्या कंपनीत. ऐकून एकदम वकिली आवाजात म्हणाली, "आई, तू काही रायटिंगमध्ये देऊ नको हां. सॉरीपण नाही बोलायचा. एक तांदूळ पडली तर पडली, तुझा फॉल्ट कसा?" तिचं मराठी असंच धावतं, पण माया खरी.

आमचे हे जेवताना सगळं ऐकत होते. पानावरून मान वर न करता म्हणाले, "आमच्याकडे पोट शिवायच्या आधी कापसाचे बोळे मोजतात. कितीही घाई असो. तू मोजले नाहीस."

"अहो, तेच तर सांगतेय."

"आणि एखादा आत राहिलाच, तर पेशंटला काय राहिलं ते सांगावं लागतं, सुमन. 'काहीतरी राहिलं होतं' असं नाही चालत."

"माझी नोकरी गेली तर?"

"जाईल," हे म्हणाले आणि त्यांनी ताक मागितलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, पण एवढा राग मला त्यांचा आधी कधी आला नव्हता. बरोबर बोलत होते म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी दाणा काडेपेटीत ठेवला, डेरेकला सांगितलं कुठे चाललेय ते, आणि बसने साहेबांच्या घरी गेले. डेरेक "हं" म्हणाला. ते कुठलं, ते मला कळलं नाही.

साहेबांचं स्वयंपाकघर नीटनेटकं, एका माणसाचं असतं तसं. टेबलावर पोलिसांना लिहिलेलं पत्र होतं, पाकीट अजून उघडं. मी बसले नाही. काडेपेटी उघडून समोर ठेवली आणि सगळं सांगितलं. पूजा, अक्षता, पट्टी, सगळं. वाटेत इंग्रजी वाक्यं जुळवली होती, ती काही आठवली नाहीत, जशी तोंडात आली तशी बोलले.

त्यांनी चष्मा लावून दाणा बघितला.

"म्हणजे हात माझा नव्हता."

"नाही."

ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, सुटले बिचारे. पण वळले तेव्हा चेहरा लाल झाला होता. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता.

"चाळीस मिनिटं, मिसेस के! मी त्याला पोट ओढत जाताना बघितलंय. एका पट्टीचं काम होतं!"

"हो."

"हा तांदूळ टाकतात कशासाठी?"

काय सांगणार? म्हटलं, "भलं व्हावं म्हणून."

ते खुर्ची ओढून बसले. मीही मग बसले. काडेपेटीकडे बघत ते हळू आवाजात म्हणाले, "मला कळलं, ठीक. पण यूअनला मी काय सांगू? म्हातारा चुकला आणि आता रायफलला दोष देतोय, असंच म्हणेल. प्रत्येक जण तेच करतो. त्याने मला पुन्हा डोंगरात न्यायला नको म्हटलं, तर रायफल दुरुस्त असून काय उपयोग?"

"नंबर द्या," मी म्हटलं.

"तुम्ही?"

"माझ्यावर विश्वास ठेवायला त्याला कारण आहे. स्वतःच्या कामाला नावं ठेवायला एवढ्या लांब कोण फोन करतं?"

फोन भिंतीला होता. साहेबांनी नंबर लावून रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि स्वतः सिंककडे जाऊन धुतलेलेच कप धुवायला लागले, माझ्याकडे पाठ करून. पलीकडे कुत्रं भुंकत होतं. यूअनचा आवाज तरुण, बोलणं जड. अर्धं मला समजेना, माझं त्याला. मी कोण, कुठून बोलतेय, हे दोनदा सांगावं लागलं. मग मी तांदळाचं सांगितलं. मध्ये त्याने एकदाही अडवलं नाही.

"कुठल्या बाजूला होता?" त्याने विचारलं.

"डावीकडे. खाचेच्या पुढच्या अर्ध्यात."

"म्हणजे नळी उजवीकडे ढकलली जाणार." तो मनाशी हिशोब करत होता. "नराचं डोकं डावीकडे होतं. गोळी मागे. हं. जमतं." मग म्हणाला, "मी म्हाताऱ्याचा हात बघितला होता, बाई. चाप ओढताना. दगडासारखा होता. म्हणून तर मला कळेना. तरी मी बोललो ते बोललो."

"मग त्यांना न्याल?"

"हे सांगितलंत, त्यांचं बरं झालं. जनावराला त्याचा उपयोग नाही."

"नाही," मी म्हटलं. "माहीत आहे मला."

"माहीत असू दे म्हणजे झालं." कुत्र्याला त्याने काहीतरी दटावलं. "पुढच्या ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. त्यांना सांगा, डोंगरात निघायच्या आधी नळीखाली मी बघणार. रोज. आणि रायफल त्यांनीच उचलायची, मी नाही उचलणार."

मी रिसीव्हर ठेवला. नळ कधीचा बंद झाला होता, पण साहेब वळले नव्हते.

"ऑक्टोबरचा दुसरा आठवडा," मी म्हटलं. "रायफल तुम्हीच उचलायची म्हणाला."

त्यांनी हात पुसले, नीट, एकेक बोट. माझ्याकडे बघितलं नाही. माझ्यावरचा राग गेला नव्हता, आणि पुढेही तो पुरता गेला असं मी म्हणणार नाही. दाराशेजारी कॅलेंडर होतं. ते उतरवून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि पानं उलटत डिसेंबरपर्यंत आले. त्यापुढे पान नव्हतं, पुढच्या वर्षीचं अजून यायचं होतं. त्यांनी दोरीला बांधलेली पेन्सिल हातात घेतली, डिसेंबरच्या खालच्या कोऱ्या पट्टीवर टेकवली, थांबले. पेन्सिल बाजूला ठेवून कोटाच्या खिशातलं पेन काढलं, आणि शाईने लिहिलं.